उसन्या पैशांचं उत्पन्न

१ ऑगस्ट २०१७ च्या आधी इंग्लंडमध्ये ज्यांचा नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, त्यांची फी एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, भरायची. शिवाय वर्षाला हजार पौंड हातात, घरचं उत्पन्न बेताचं असेल तर त्यावर आणखी काही, आणि मूल असेल तर ते सांभाळण्याच्या खर्चात मोठा वाटा. या सगळ्याला मिळून बर्सरी म्हणायचे. त्या तारखेनंतर आलेल्यांनी कर्ज काढायचं, असं ठरलं. माझा प्रवेश सप्टेंबर २०१७ चा. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, मूळची कराडची, बी.कॉम. झालेली, पदरात पाच वर्षांचा मुलगा.

नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे २००९ मध्ये इथे आले, ते ‘सरकारी मदतीवर हक्क नाही’ असं लिहिलेल्या व्हिसावर. ते वाक्य इथे आलेल्या प्रत्येक डिपेंडंट बायकोला पाठ असतं. पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला आणि ते वाक्य गेलं. मधल्या काळात मी मिडलंड्समधल्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं ही कामं करायला लागले होते, आणि ती मला आवडायला लागली होती. आमच्याकडच्या मंडळात हे कुणाला फारसं सांगायचं नसतं. गणेशोत्सवात ‘तू काय करतेस गं?’ असं विचारल्यावर ‘हेल्थकेअरमध्ये आहे’ एवढंच सांगायचं, मग समोरची आपोआप रुग्णालयातलं ऑफिस समजते. नर्स व्हायचं म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, ‘अगं, बी.कॉम. करून आता नर्स?’ तिचा राग खरं तर नर्स होण्यावर नव्हता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यावर होता. तेही मला पुढे कळलं.

ठरवलं तेव्हा, म्हणजे २०१५ च्या मध्यावर, बर्सरी चालू होती. माझा सगळा हिशेब तिच्यावरच बेतलेला होता.

आधी कागद. महाराष्ट्र बोर्डाची दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि शिवाजी विद्यापीठाची पदवी नॅरिक या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घेतली. पदवी मान्य झाली, पण विद्यापीठं म्हणाली की गेल्या तीन ते पाच वर्षांत काहीतरी शिकलेलं दाखवा, आणि त्यात जीवशास्त्र असेल तर बरं. गणिताची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, तीही इथलीच हवी. त्यामुळे संध्याकाळच्या वर्गात, बिल्डर, टॅक्सीवाले आणि माझ्यासारख्या आयांबरोबर मी पुन्हा अपूर्णांक शिकले. ती परीक्षा मोठ्यांना फुकट असते, एवढं बरं. त्यानंतर वर्षभराचा ‘ॲक्सेस टू हायर एज्युकेशन’ डिप्लोमा. त्याला तीन हजार पौंडांच्या आसपास कर्ज, पण पुढची पदवी पूर्ण केली तर ते माफ होतं. ही सोय मला अजूनही शहाणपणाची वाटते. शिकलात तर माफ, अर्धवट सोडलंत तर फेडा.

गणिताचा वर्ग चालू होता तेव्हा, नोव्हेंबर २०१५ मध्ये, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी बर्सरी बंद करण्याची घोषणा केली. केअर होमच्या स्टाफरूममध्ये टीव्ही चालू होता. एकीने रिमोट उचलून आवाज वाढवला, ऐकून झाल्यावर कमी केला, आणि आम्ही चहाचे कप उचलून कामाला लागलो. सरकारचं म्हणणं असं : बर्सरीचा खर्च सरकारवर असल्यामुळे जागा मोजक्या ठेवाव्या लागतात. मुलांनी कर्ज घेतलं की ती मर्यादा जाईल आणि दहा हजारांपर्यंत जादा जागा तयार होतील. कागदावर हे वाचायला छान आहे. प्रत्यक्षात जानेवारी २०१७ च्या मुदतीपर्यंत इंग्लंडमधून नर्सिंगला येणारे अर्ज आदल्या वर्षीपेक्षा २३ टक्क्यांनी घटले, आणि ही घट सगळ्यात जास्त होती ती वयाने मोठ्या अर्जदारांत. अठरा वर्षांच्या मुलीला कर्ज म्हणजे लांबची गोष्ट वाटते. चाळिशीतल्या बाईच्या डोक्यावर आधीच घरभाडं असतं, मूल असतं, आणि उरलेली नोकरीची वर्षं तिला बोटांवर मोजता येतात. वेल्सने बर्सरी ठेवली, फक्त पुढे दोन वर्षं तिथेच काम करायची अट घातली. स्कॉटलंडनेही ठेवली. सीमेपलीकडे शंभर मैलांवर राहत असते तर ही कहाणीच झाली नसती.

एक गंमत मात्र सांगायला हवी. इंग्लंडमध्ये एक पदवी असताना दुसऱ्या पदवीला सरकारी कर्ज मिळत नाही, आणि माझं बी.कॉम. पदवीत धरलं जात होतं. म्हणजे नियमाप्रमाणे बर्सरीही नाही आणि कर्जही नाही. पण नर्सिंगसाठी त्याच १ ऑगस्ट २०१७ पासून या नियमाला सूट दिली गेली. एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या हाताने उसनं मिळालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान छापून घेऊन दोनदा रेघ मारली होती, कारण हेल्पलाइनवरच्या माणसालाही ते माहीत नव्हतं.

तेव्हा वर्षाची फी ९,२५० पौंड. तीन वर्षांची २७,७५०. राहण्या-खाण्याचं कर्ज वेगळं. त्या सप्टेंबरमध्ये व्याजाचा दर ६.१ टक्के होता, आणि तो शिकत असतानाच चढायला लागतो. पूर्वी गरीब घरातल्या विद्यार्थ्यांना परत न करायचं अनुदान मिळायचं, तेही २०१६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होऊन कर्जातच मिसळलं गेलं होतं. आई म्हणायची, ऋण काढून सण करू नये. मी तिला सांगितलं, सण नाही गं, फी आहे.

नर्सिंगचा अभ्यासक्रम इतर पदव्यांसारखा नसतो, हे कर्जाचे नियम करणाऱ्यांनी कधी लक्षात घेतलं असेल असं मला वाटत नाही. तीन वर्षांत २,३०० तास प्रत्यक्ष वॉर्डात काम करावं लागतं, बिनपगारी. इतर विद्यार्थी लेक्चर संपल्यावर दुकानात, कॅफेत कामाला जातात, उन्हाळाभर कमावतात. आमचा उन्हाळाच तुटपुंजा. प्लेसमेंट, म्हणजे हे वॉर्डातलं काम, चालू असताना आठवड्याला तीन लाँग डे, म्हणजे सकाळी सव्वासात ते रात्री पावणेआठ, आणि उरलेल्या दिवसांत निबंध. तरी मी शनिवार-रविवारी जुन्या केअर होममध्ये शिफ्ट घ्यायचे. कोणी मला चिकाटी म्हणून शाबासकी दिली की मला चीड यायची. चिकाटी नव्हती ती, भाडं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला नवरा वेगळा राहायला गेला. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. एक मात्र झालं : घरात फक्त पूर्णवेळ विद्यार्थीच मोठं माणूस असेल तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, पूर्ण माफ असतो. नवरा गेला आणि कौन्सिल टॅक्सही गेला. कौन्सिलच्या खिडकीवरच्या बाईने हे इतक्या आनंदाने सांगितलं की मलाही हसू आलं.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना ती सहसा मिळत नाही, पण मूल असलेल्यांना मिळतं. अर्ज ऑनलाइन भरला. पहिला पैसा यायला पाच आठवडे. तोवर हवे असतील तर ॲडव्हान्स घ्या, तोही पुढच्या हप्त्यांतून कापणार. म्हणजे आणखी एक कर्ज. मी घेतलं, दुसरा इलाज नव्हता. मग स्टुडंट फायनान्सचं, म्हणजे विद्यार्थी-कर्ज देणाऱ्या खात्याचं, पत्र अपलोड करायला सांगितलं. केलं. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा मला वाटलं माझं खातं दुसऱ्या कुणाशी मिसळलं आहे. घरभाड्याचा भाग, मुलाचा भाग, माझा भाग, सगळी बेरीज व्यवस्थित, आणि त्याखाली ‘विद्यार्थी उत्पन्न’ म्हणून एवढी मोठी वजाबाकी की हातात येणारी रक्कम भाड्यालाही पुरेना.

जर्नलमध्ये, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन वहीत, मी लिहिलं की मला कसलंही विद्यार्थी उत्पन्न नाही, माझ्याकडे फक्त कर्ज आहे. उत्तर आलं : कर्ज हेच उत्पन्न.

ते उत्तर मी घेऊन सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत गेले. गावच्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं टेबल असायचं. समोर एक निवृत्त गृहस्थ, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या, शिसपेन्सिलीने आकडे मांडणारे. त्यांनी नियम असा समजावला. फीचं कर्ज मोजत नाहीत, ते थेट विद्यापीठाला जातं. मुलाच्या नावाने मिळणारं चाइल्डकेअर ग्रँट आणि पालक म्हणून मिळणारा छोटा भत्ता मोजत नाहीत. पण राहण्या-खाण्याच्या कर्जातली मोजणीत येणारी रक्कम घ्यायची, ती अभ्यासक्रमाच्या महिन्यांत वाटायची, दर महिन्याच्या वाट्यातून ११० पौंड सोडायचे, आणि उरलेलं सगळं पौंडाला पौंड वजा करायचं. त्यांनी कागदावर उदाहरण मांडलं : समजा नऊ हजार, नऊ महिने, म्हणजे महिन्याला हजार. ११० सोडले तर ८९० कापले जाणार. कर्ज येतं वर्षातून तीन हप्त्यांत, कापलं जातं दर महिन्याला. पुढचा हप्ता यायच्या आदल्या महिन्यात काय खायचं, हा प्रश्न नियमात बसत नाही.

मी विचारलं, मग मी कर्जच घेतलं नाही तर? घरखर्च शिफ्टवर भागवते, व्याजही वाचेल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, तरीही कापतील. तुम्हाला जास्तीत जास्त जेवढं कर्ज मिळू शकलं असतं, तेवढं मिळालंच असं धरून कापतात. अर्ज केला का, घेतलं का, हे विचारतच नाहीत.

मी त्यांना पुन्हा सगळं मांडायला लावलं. त्यांनी मांडलं. तेच आलं.

यातली खोच एका आकड्यात आहे. मी केअर होममध्ये घाम गाळून मिळवलेल्या पगारातून युनिव्हर्सल क्रेडिट ठरावीक रकमेपर्यंत काहीच कापत नव्हतं, आणि त्याच्यावर पौंडामागे ६३ पेन्स कापायचं. उसन्या घेतलेल्या पौंडामागे मात्र पूर्ण पौंड. जो पैसा मला व्याजासकट परत करायचा आहे, तो सरकारच्या लेखी कमाईपेक्षाही जास्त कमाई. याहून वाईट म्हणजे, माझ्याच वर्गात दोन मुलांची एक आई होती, ती आधीपासून टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या आधीच्या मदतीवर, होती. जुन्या त्या योजनेत विद्यार्थी-कर्ज हे उत्पन्न धरतच नसत. तेच विद्यापीठ, तेच कर्ज, तोच वॉर्ड. तिचा एक पेनीही कापला गेला नाही. मी वर्षभर आधी वेगळी झाले असते तर कदाचित माझाही कापला गेला नसता. असल्या विचारांना काही अर्थ नसतो, पण रात्री अडीच वाजता ते येतात.

मुलगा सांभाळण्याचं गणित वेगळंच. चाइल्डकेअर ग्रँटमधून खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळतात, ठरलेल्या मर्यादेत, पण सांभाळणारी बाई ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदलेली हवी. आमच्या भागातल्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडरचं दार साडेसातला उघडायचं. माझं हँडओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून काम हातात घेणं, सव्वासातला. युनिव्हर्सल क्रेडिटमधूनही मुलाच्या सांभाळाचे पैसे मिळू शकतात, पण ते पगारी काम करणाऱ्यांना; प्लेसमेंट बिनपगारी, त्यामुळे ते काम धरलं जात नाही. तिथे काम नाही, इथे कर्ज मात्र उत्पन्न. शेवटी शेजारच्या पंजाबी आंटीजी धावून आल्या. पहाटे सहाला मी अर्धवट झोपेतल्या मुलाला पांघरुणासकट उचलून त्यांच्या सोफ्यावर ठेवायचे, तो तिथेच पुन्हा झोपायचा, आणि आठ वाजता त्या त्याला पराठा खाऊ घालून शाळेत पोचवायच्या. त्यांची नोंदणी नव्हती, म्हणून ग्रँट नाही. पैसे देऊ केले तर रागवायच्या. रविवारी मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या नाहीतर थालीपिठं घेऊन जायचे, त्या म्हणायच्या, तुमच्या मराठी जेवणात तूप कमी असतं.

प्लेसमेंटला जाण्याचा प्रवासखर्च मिळतो असं सगळे सांगतात. मिळतो, पण आधी आपण भरायचा, मग तिकिटं जोडून मागायचा, आणि घरापासून विद्यापीठापर्यंत एरवी जेवढा लागतो त्याच्यावरचाच मिळतो. एका प्लेसमेंटचे पैसे इतके उशिरा आले की तोवर मी पुढच्या प्लेसमेंटला होते. मूल असल्याबद्दल वर्षाला हजार पौंडांचा भत्ता होता, तो मात्र वेळेवर यायचा, आणि आला की त्या दिवशी मुलाचे बूट घेतले जायचे.

मग मार्च २०२० आला. आम्ही शेवटच्या सहा महिन्यांत होतो. नर्सिंग कौन्सिलने तातडीचे नियम काढले आणि आमच्यासारख्यांना पगारी प्लेसमेंटवर येण्याची मुभा दिली, एनएचएसच्या बँड ४ या पगारश्रेणीवर. मी नाव दिलं. त्या दिवसांबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी भर घालणार नाही. एवढंच की पहिल्यांदाच वॉर्डातल्या कामाचा पैसा मिळत होता, आणि लोक गुरुवारी रात्री दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच उन्हाळ्यात आरोग्य खात्याच्या एका राज्यमंत्र्यांचं पत्र बाहेर आलं. त्यात म्हटलं होतं की विद्यार्थी-परिचारिका मनुष्यबळाच्या गणतीत नसतात, त्या सेवा देतात असं धरलं जात नाही. ते मी ब्रेकरूममध्ये फोनवर वाचलं, चेहऱ्यावर मास्कचे वळ होते. सेवा नाही, काम नाही, उत्पन्न मात्र आहे. मोठ्याने हसले मी, बाजूची सिस्टर दचकली.

त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, सरकारने जाहीर केलं होतं की सप्टेंबर २०२० पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला किमान पाच हजार पौंड अनुदान मिळेल, परत न करायचं. चालू विद्यार्थ्यांनाही. पण २०१७ ला सुरू करून २०२० च्या उन्हाळ्यात संपवणाऱ्यांना नाही, कारण सप्टेंबरमध्ये आम्ही विद्यार्थीच नव्हतो. बर्सरी आमच्या आधीच्यांना, अनुदान आमच्या नंतरच्यांना. आम्ही बरोबर मधल्या फटीत. अर्ज, सह्या, खासदाराला पत्र, सगळं केलं. कर्जमाफीची मागणी अजूनही अधूनमधून कोणी ना कोणी लावून धरतं. मला त्यातून काही होईल असं वाटत नाही, पण सही मी दर वेळी करते.

सरकारला पाच हजारांचं अनुदान नव्याने सुरू करावं लागलं, यातच २०१५ चा निर्णय फसल्याची कबुली आहे असं माझं मत. फी मात्र अजून कर्जावरच आहे, त्यामुळे कबुलीही अर्धीच.

नोकरी लागली तेव्हा बँड ५ चा, म्हणजे नव्या नर्सच्या श्रेणीचा, सुरुवातीचा पगार वर्षाला २४,९०७ पौंड होता. कर्जफेड सुरू होण्याची मर्यादा त्या वर्षी २६,५७५. म्हणजे पूर्णवेळ नर्स होऊनही मी कर्ज फेडण्याइतकी कमावत नव्हते, व्याज मात्र चढत होतं. आता मर्यादेच्या वरच्या पगारातून ९ टक्के जातात. तीस वर्षांनी उरलेलं माफ होतं, तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन. दरवर्षी येणाऱ्या विवरणात बाकी आदल्या वर्षीपेक्षा जास्त दिसते. पहिल्यांदा धस्स झालं होतं, आता मी ते विजेच्या बिलाबरोबर फाइलला लावते. आईला तो आकडा सांगितलेला नाही. रुपयांत केला तर तिला रात्री झोप लागणार नाही.

केअर होममधल्या जुन्या मैत्रिणी अधूनमधून विचारतात, आम्हीही करू का? पूर्वी मी प्रत्येकीला एकदम हो म्हणायचे. आता आधी विचारते : घरात किती जण, भाडं किती, युनिव्हर्सल क्रेडिट आहे का, आणि पहाटे सहाला मूल ठेवायला कोण आहे. युनिव्हर्सल क्रेडिट असेल तर प्रवेश घ्यायच्या आधी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये जाऊन महिन्याची कपात कागदावर मांडून घ्यायला सांगते, कारण विद्यापीठाच्या माहिती-दिवसाला हे कुणी सांगत नाही. आणि अलीकडे अप्रेंटिसशिपचं सांगते. त्यात रुग्णालय तुम्हाला नोकरीवर ठेवून पदवी करून देतं, फी नाही, पगार चालू. मला लागली त्यापेक्षा साधारण वर्षभर जास्त लागतं, आणि जागा इतक्या कमी की एका जाहिरातीला केअर होमचं अर्धं गाव लोटतं. पण तो पगार असतो, आणि पगारातून पौंडाला पौंड कापत नाहीत. सातारची एक मुलगी, मुलगी कसली, चौतीस वर्षांची आहे, तिने मागच्या महिन्यात तिथे अर्ज टाकला. मुलाखतीला बोलावणं आलंय. मंगळवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा तिची तयारी घेणार आहे.